पोटाच्या डायलिसिसमध्ये जंतुसंसर्ग झाला, आता बॅगा बंद करायच्या का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातल्या एका सुनेने विचारलंय. सासऱ्यांचं वय ६४, जुना मधुमेह, दोन्ही किडन्या निकामी. वर्षभरापासून घरीच पोटाचं डायलिसिस चालू आहे, म्हणजे पोटात बसवलेल्या नळीतून बॅगेतलं डायलिसिसचं पाणी आत सोडायचं आणि काही तासांनी बाहेर काढायचं, दिवसाला चार बॅगा. श्रावणात पोट दुखायला लागलं आणि बाहेर येणारं पाणी गढूळ आलं. गावातल्या डॉक्टरांनी दोन दिवस गोळ्या दिल्या, उतार पडेना म्हणून नाशिकला दाखल केलं. बॅगेतून दोन आठवडे अँटिबायोटिक दिल्यावर ते बरे झाले. पाण्यातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, म्हणजे कल्चरचा, रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ (काही वाढलं नाही) आला. बॅगा सूनच बदलते, त्यामुळे ‘तिच्याच हातून झालं’ असं नणंद आणि इतर नातेवाईक बोलतात. तिचे प्रश्न तीन: चूक माझी का? हे बंद करून रक्ताचं डायलिसिस सुरू करावं का? आणि सासऱ्यांना सिंहस्थात गोदास्नान करायचंय, चालेल का?

ताई, पहिल्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तोच तुम्हाला आतून खातोय हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं. तुमच्या हातून झालं, असं आज कुणालाच सांगता येणार नाही. मला नाही, तुमच्या डॉक्टरांना नाही आणि नणंदबाईंना तर नाहीच. मी नाशिकमध्ये पोटाच्या डायलिसिसच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना बॅग बदलायला शिकवणारी नर्स आहे. या कामात बरीच वर्षं गेली, आणि संसर्ग झाला की घरातल्या बाईकडे बोट दाखवलं जातं हे मी वारंवार पाहिलंय. म्हणून कारणासकट सांगते.

पोटात जंतू शिरायच्या वाटा बऱ्याच आहेत. हाताची एक, नाकातोंडाची एक, नळी जिथून पोटाबाहेर येते त्या छिद्राची एक, आणि जिचा कुणी विचारच करत नाही ती रुग्णाच्या स्वतःच्या आतड्याची एक. यातल्या कोणत्या वाटेने जंतू आला याचा अंदाज बांधायला हाताशी एकच धागा असतो: कल्चरमध्ये वाढलेल्या जंतूचं नाव. तुमच्या रिपोर्टमध्ये ते नावच नाही.

‘नो ग्रोथ’ म्हणजे जंतू नव्हता असं नाही. पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराला झालेला संसर्ग, ठरवायला तीनपैकी दोन गोष्टी पुरतात. एक, पोट दुखणं किंवा पाणी गढूळ येणं. दोन, पोटात निदान दोन तास राहिलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरमागे १०० पेक्षा जास्त आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल जातीच्या. तीन, कल्चरमध्ये जंतू वाढणं. सासऱ्यांच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी होत्या, म्हणूनच दोन आठवडे औषध दिलं. तिसरी हाती लागली नाही आणि त्याचं बहुधा मोठं कारण गावातल्या त्या दोन दिवसांच्या गोळ्या. त्यात अँटिबायोटिक असेल तर जंतू अर्धमेले होतात. पोटातला आजार हटत नाही, पण प्रयोगशाळेत वाढण्याइतका जोर त्यांच्यात उरत नाही. गावातल्या डॉक्टरांनी काही वाईट हेतूने केलं नाही. पोटदुखी म्हटल्यावर कुणीही ते केलं असतं. पण डायलिसिसची नळी पोटात असलेल्या माणसाची पोटदुखी ही वेगळीच गोष्ट आहे आणि ते त्यांना सांगायचं काम आपलं, म्हणजे तुमचं आणि आम्हा दवाखान्यातल्या लोकांचं.

दुसरं कारण नमुना घेण्याच्या पद्धतीत असू शकतं. साध्या लघवीच्या डबीत थोडं पाणी घालून पाठवलं तर जंतू सापडायची शक्यता कमी होते. पाणी रक्ताच्या कल्चरच्या बाटल्यांमध्ये घालावं लागतं, प्रत्येक बाटलीत ५ ते १० मिली, बाटल्या दोन प्रकारच्या आणि बेडजवळच भरलेल्या. चांगल्या डायलिसिस केंद्रात ‘नो ग्रोथ’ येणाऱ्या केसेस शंभरातल्या पंधरापेक्षा कमी असाव्यात, असं आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस सोसायटीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पुढच्या वेळी (ती येऊ नये, पण आलीच तर) तुम्ही न लाजता विचारा: कल्चर ब्लड कल्चरच्या बाटलीत घेताय ना? आणि पहिलं अँटिबायोटिक त्याच्या आधी नको, नमुना घेतल्यावर लगेच.

नाव कळलं असतं तर काय कळलं असतं ते सांगते, म्हणजे घरात सगळ्यांना समजेल. त्वचेवर राहणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस निघाला असता तर मी तुमचे हात आणि जोडणीची पद्धत पुन्हा तपासली असती. तोंडातले स्ट्रेप्टोकोकस निघाले असते तर मास्कबद्दल आणि रुग्णाच्या दातांबद्दल विचारलं असतं. स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा स्युडोमोनास आला की आधी नळीचं छिद्र उघडून पाहायचं. ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला आला तर पहिला प्रश्न पोट साफ होतं का, हा. आतड्यातले दोन-तीन जंतू एकदम निघाले तर सर्जनला बोलवायचं, कारण आतडंच कुठे फाटलं असण्याची भीती असते. बुरशी निघाली तर थांबायला वेळच नसतो. आणि काहीच न निघता औषधालाही दाद मिळत नसेल तर आपल्याकडे क्षयाचा विचार करावाच लागतो. एकाच गढूळ पाण्यामागे एवढ्या गोष्टी असतात, मग ‘हिच्याच हातून झालं’ हे कुठून आलं?

आता हाताबद्दल. दोष तुमचा नाही म्हणाले म्हणून हात तपासायचे नाहीत असं होत नाही. प्रत्येक संसर्गानंतर बॅग बदलणाऱ्याचं शिक्षण पुन्हा एकदा झालंच पाहिजे. ती शिक्षा नाही, नेमच आहे. वर्षभर रोज चार वेळा तेच काम केलं की हात आपोआप चालतो आणि मधल्या पायऱ्या गळायला लागतात.

घरी गेल्यावर मी सगळ्यात आधी पाहते ते हात कसे कोरडे होतात. धुतात जवळजवळ सगळेच नीट. साबण, नखं, बोटांच्या फटी, सगळं. मग त्याच धुतलेल्या हाताने नळाची तोटी बंद करतात, खुंटीवरच्या सगळ्या घराच्या टॉवेलला पुसतात, टॉवेल ओला असला तर पदराला. ओल्या हातावरून जंतू कोरड्या हातापेक्षा कितीतरी सहज पसरतात. त्यामुळे धुण्याइतकंच कोरडं करणं महत्त्वाचं. तोटी कोपराने किंवा टिश्यूने बंद करा. पुसायला टिश्यू पेपर वापरा. ते परवडत नसेल तर सुती कापडाचे लहान तुकडे धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि एका वेळी एकच वापरा. हात पूर्ण सुकल्यावर सॅनिटायझर चोळा आणि तोही सुकू द्या. त्यानंतर बॅगेला हात लावायचा, मध्ये कशालाच नाही. मोबाइल वाजला तर वाजू द्या. नळीची टोपी काढून नवी बॅग जोडेपर्यंतची ती काही सेकंद, तेवढ्यात नळीचं उघडं टोक तुमच्या बोटाला, साडीला, बेडशीटला कशालाच लागता कामा नये. बाकीची सगळी तयारी त्या काही सेकंदांसाठीच असते.

तुम्ही द्राक्षबागेत काम करता असं लिहिलंय. छाटणीनंतर डोळे फुटायला पेस्ट लावायच्या दिवसांत नखांच्या कडांत जो रंग बसतो तो एका धुण्याने निघत नाही, आणि हाताला भेगा पडतात त्या वेगळ्याच. भेगांमध्ये जंतू मुक्काम करतात. त्या दिवसांत बागेत हातमोजे घाला, नखं अगदी बारीक कापा, रात्री खोबरेल किंवा व्हॅसलिन लावून झोपा, आणि संध्याकाळची बॅग बागेतून आल्या आल्या नको, अंघोळ करून, कपडे बदलूनच. बोटाला पिकलेली जखम असेल तर त्या दिवशी बॅग दुसऱ्या कुणीतरी बदलायला हवी. हा दुसरा माणूस तुमच्याकडे नाही, असं दिसतं. त्यावर शेवटी येते.

निफाडच्या थंडीचं एक वेगळंच प्रकरण आहे. तुमच्याकडचा पारा हिवाळ्यात किती उतरतो हे दरवर्षी पेपरात येतं. थंडगार दोन लिटर पाणी पोटात गेलं की रुग्ण कुडकुडतो, पोटात कळ येते, म्हणून घरचे बॅग गरम पाण्याच्या बादलीत किंवा पातेल्यात बुडवून ठेवतात. हे करू नका. बॅगेच्या जोडणीच्या तोंडाशी ओल राहते आणि विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यातले जंतू, त्यातही स्युडोमोनाससारखा चिवट जंतू, तिथून आत जातो. बॅग बाहेरच्या वेष्टनासकट कोरड्या उष्णतेने कोमट करायची, शेकायच्या इलेक्ट्रिक पॅडमध्ये गुंडाळून किंवा त्यासाठी मिळणाऱ्या वॉर्मरवर. मायक्रोवेव्हमध्येही नको, त्यात पाणी एकसारखं तापत नाही आणि आतून भाजू शकतं.

जागेबद्दल थोडक्यात. वेगळी एसी खोली लागत नाही. सारवलेल्या घरातसुद्धा रुग्ण वर्षानुवर्षं विनासंसर्ग राहतात. एक कोपरा, पुसता येईल असं टेबल, बदलताना दार-खिडकी आणि पंखा बंद, अर्धा तास आधीपासून झाडू नाही, दोघांच्याही तोंडावर मास्क. कुत्रं-मांजर त्या खोलीत अजिबात नको. मांजर नळीशी खेळतं, दात लावतं, आणि मांजराच्या तोंडातल्या पाश्चुरेला नावाच्या जंतूमुळे झालेले पेरिटोनायटिस जगभर नोंदलेले आहेत.

आता आतड्याची वाट. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘बाबांना चार-चार दिवस शौचाला होत नाही, पण ते आधीपासूनच आहे.’ माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्रातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. बद्धकोष्ठ झालं की आतड्यातले जंतू आतड्याची भिंत ओलांडून पोटातल्या पाण्यात उतरू शकतात. त्यात कुणाचा हात, कुणाचा टॉवेल, कशाचाच संबंध नाही. शिवाय भरलेलं आतडं नळीला बाजूला सारतं आणि पाणी नीट बाहेर येत नाही.

किडनीच्या रुग्णांना बद्धकोष्ठ होण्याची कारणं औषधांतच असतात. फॉस्फरस धरून ठेवायच्या कॅल्शियमच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, पाण्यावर बंधन, चालणं कमी. आणि आणखी एक कारण घराघरांत लपलेलं असतं. किडनीचा आजार म्हटला की केळी बंद, संत्री बंद, नारळपाणी बंद, बटाटा दोनदा उकळून, ही यादी कुणीतरी हातात देतं. ती यादी प्रामुख्याने ज्यांच्या रक्तात पोटॅशियम चढतं त्यांच्यासाठी आहे. पोटाच्या डायलिसिसच्या बॅगेत पोटॅशियम नसतं. रोज चार बॅगांबरोबर ते शरीरातून बाहेर जात राहतं आणि कित्येकांचं उलट कमी होतं. पोटॅशियम कमी झालं की आतडं मंद होतं आणि पेरिटोनायटिसचा धोका वाढतो. म्हणून पुढच्या तपासणीत पोटॅशियमचा आकडा बघा आणि तो कमी असेल तर पथ्य सैल करायचं का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून केळी सुरू करू नका. आकडा बघूनच, कारण जास्त पोटॅशियमही तितकंच धोक्याचं. शौचाला रोज झालंच पाहिजे. त्यासाठी लॅक्टुलोजसारखं सिरप डॉक्टर लिहून देतील ते नियमाने घ्या. इसबगोल किंवा गावठी चूर्ण परस्पर नको. आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं विनाकारण चालू असतील तर त्याही दाखवा. पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या काही औषधांचा आतड्यातल्या जंतूंच्या संसर्गाशी संबंध दिसलाय.

याच वाटेवरची आणखी एक गोष्ट. कोलोनोस्कोपी करायची असेल तर आधी पोटातलं पाणी काढून टाकायचं आणि अँटिबायोटिकचा डोस घ्यायचा. दात काढतानाही डेंटिस्टला डायलिसिसची नळी आहे हे सांगायचं. लोक सांगायलाच विसरतात.

नळीच्या छिद्राकडे रोज एकदा उजेडात बघा. लाली, सूज, दाबलं तर दुखणं, पू. थोडी कोरडी खपली चालते, ती नखाने उचकटायची नाही. पू दिसला तर त्याच दिवशी दाखवा. तुम्ही रोज मुपिरोसिन मलम लावत होता आणि ‘बरं झालं म्हणून’ मध्ये बंद केलं असं लिहिलंय. ते पुन्हा सुरू करा. छिद्र चांगलं दिसत असतानाच लावायचं ते मलम आहे, स्टॅफिलोकोकस ऑरियस तिथे बसू नये म्हणून. हळद, राख, टाल्कम पावडर काही लावू नका. नळी पोटाला टेपने घट्ट धरलेली हवी, ताण बसता कामा नये. छिद्राला लागलेला एक हिसका आठवड्याभराने पू दाखवतो.

म्हणूनच गोदास्नानाला माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे, आणि ते मी मनावर दगड ठेवून देतेय. आम्ही नाशिककर आहोत. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि ६४ वर्षांच्या मधुमेही माणसाला पुढच्या सिंहस्थाची वाट बघा म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. पण रामकुंडात बुडी म्हणजे नळीचं छिद्र लाखो लोक उतरलेल्या पाण्यात बुडवणं. वर पट्टी, प्लॅस्टिक काहीही लावलं तरी पाणी शिरतं. नदी, विहीर, तलाव, शेततळं सगळ्यालाच हे लागू. त्यांना गोदाकाठी नक्की न्या, पर्वणीच्या गर्दीचा दिवस सोडून. काठावर बसवा, ओंजळभर पाणी डोक्यावर आणि हातापायांवर शिंपडा. पाणी पोटाकडे ओघळणार नाही एवढं बघा. तीर्थ म्हणून पिऊ नका. घरी आल्यावर रोजच्यासारखी अंघोळ, छिद्र कोरडं करून नवी पट्टी आणि मलम. एवढ्यात त्यांचं समाधान होईल का, ते तुम्हीच जाणता. पण मी माझ्या वडिलांना याहून जास्त करू दिलं नसतं.

सिंहस्थाचा दुसरा भाग मला जास्त काळजीचा वाटतो. २०१५ मध्ये पर्वणीच्या दिवसांत शहरात वाहनांना किती ठिकाणी अडवलं होतं ते आठवत असेल. २०२७ च्या पावसाळ्यातल्या मुख्य पर्वण्यांच्या आधी निदान दोन आठवड्यांच्या बॅगा, टोप्या आणि मलम घरात भरून ठेवा. आणि त्या दिवसांत पाणी गढूळ आलं तर नाशिकमध्ये शिरायचं कसं, की पिंपळगाव-निफाडकडेच पहिला डोस मिळेल, हे तुमच्या केंद्राला आधीच विचारून फोन नंबरासकट लिहून ठेवा.

आता गढूळ पाणी आल्यावर काय करायचं. हे एका कागदावर लिहून बॅगांच्या कपाटावर चिकटवा. बाहेर आलेली बॅग उजेडात धरून पलीकडे छापील कागद ठेवा. अक्षरं वाचता आली नाहीत तर पाणी गढूळ आहे. पोट दुखत नसलं, ताप नसला तरी फोन करायचा. बऱ्याच जणांना सुरुवातीला तापच येत नाही, मधुमेहींना तर दुखणंही उशिरा जाणवतं. बॅग फेकायची नाही, नळीला क्लॅम्प (चिमटा) लावून ती तशीच सोबत आणायची. घरातलं कोणतंही अँटिबायोटिक द्यायचं नाही. आणि सकाळची वाट बघायची नाही. पहिलं औषध काही तासांत पोटात गेलं पाहिजे, उशीर झाला तितकी नळी वाचायची शक्यता कमी होत जाते. तुमच्या बाबतीत ते दोन दिवस गेले आणि तरी नळी वाचली, हे चांगलं झालं.

प्रत्येक गढूळ पाणी संसर्गाचंच असतं असं नाही. पांढरे धागे दिसले तर ते फायब्रिन, म्हणजे शरीरातलंच एक प्रथिन, असू शकतं. लर्कॅनिडिपिनसारख्या काही रक्तदाबाच्या गोळ्यांनीही पाणी दुधाळ होतं. पण हा निवाडा घरी करायचा नसतो. तपासणीने काही निघालं नाही तर उत्तमच.

आणि नळीचं टोक चुकून कुठे लागलंच तर? दोन प्रसंग वेगळे आहेत. क्लॅम्प बंद होता, पाणी आत गेलं नाही, तर नवी टोपी लावून, पुढची बॅग न जोडता केंद्रात या, पुढची छोटी नळी, म्हणजे ट्रान्सफर सेट, बदलून देतील. क्लॅम्प उघडा होता किंवा टोक लागल्यावर पाणी पोटात गेलं असेल, तर त्याबरोबर संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिकही लागतं. हे लपवू नका. रागावतील म्हणून न सांगितलेल्या अशा गोष्टी मी पेरिटोनायटिस झाल्यावर ऐकल्या आहेत, आणि तेव्हा मला वाटतं, या घरात रागावण्याची भीती नसती तर हे टळलं असतं.

उपचाराबद्दल एवढंच की सुरुवातीला ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह या दोन्ही मोठ्या गटांच्या जंतूंवर चालतील अशी औषधं देतात, उदाहरणार्थ व्हॅन्कोमायसिन किंवा सेफाझोलिन आणि जोडीला सेफ्टाझिडिम किंवा जेंटामायसिन, आणि ती शक्यतो शिरेतून न देता बॅगेतूनच. दिवसातून एकदा देत असतील तर ती बॅग पोटात निदान सहा तास ठेवायची. जंतूचं नाव आलं की औषध त्याप्रमाणे बदलतं. मुदत दोन ते तीन आठवडे, आणि बरं वाटलं म्हणून मध्ये सोडायची नाही. अँटिबायोटिक चालू असताना बुरशी वाढू नये म्हणून निस्टॅटिन किंवा फ्लुकोनॅझोल देतात, ते दिलं नसेल तर डॉक्टरांना आठवण करून द्या. त्या दिवसांत पोटाचं अस्तर सुजलेलं असतं, त्यामुळे बॅगेतली साखर लवकर शोषली जाते. मग रक्तातली साखर वाढते, पाणी कमी निघतं, पाय सुजतात, आणि पाण्यावाटे प्रथिनंही खूप जातात. म्हणून साखर जास्त वेळा तपासा, रोज वजन करा, आणि सासरे अंडी खात असतील तर अंडी, नसतील तर पनीर, डाळ वाढवा. सासरे आजारातून उठल्यावर खंगलेले दिसतात असं तुम्ही लिहिलंय, त्याचं एक कारण हे आहे.

मग बॅगा बंद करून रक्ताच्या डायलिसिसवर जायचं का? एका संसर्गातून पूर्ण बरं झालेल्या माणसासाठी माझं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असंच आहे. २०२२ च्या सूचनांप्रमाणे एखाद्या केंद्रातलं पेरिटोनायटिसचं प्रमाण दर रुग्णामागे वर्षाला ०.४ पेक्षा जास्त नसावं. म्हणजे चांगल्या केंद्रातसुद्धा एका रुग्णाला साधारण अडीच वर्षांतून एकदा होऊ शकतं असं धरलेलंच आहे. एकदा झालं म्हणजे पद्धत फसली, असं होत नाही. आणि रक्ताच्या डायलिसिसमध्ये संसर्ग नसतो हा गैरसमज आहे. हाताची फिस्टुला (रक्त काढण्या-घालण्यासाठी शीर आणि धमनी जोडून केलेली वाट) तयार होईपर्यंत मानेत जी नळी टाकतात तिचा संसर्ग थेट रक्तात जातो. वर आठवड्यातून तीन वेळा निफाडहून येणं-जाणं, प्रत्येक वेळी चार तास खुर्चीत. पेठ-सुरगाण्याकडच्या माझ्या रुग्णांना तर एवढा प्रवास झेपणारच नाही, त्यांचा जीव या बॅगांवरच आहे.

नळी काढावी लागते ते प्रसंग वेगळे. योग्य औषध पाच दिवस देऊनही पाणी निवळायची चिन्हं नाहीत, बुरशी निघाली, छिद्राचा किंवा कातडीखालच्या नळीच्या बोगद्याचा संसर्ग हटतच नाही, किंवा औषध संपल्यावर चार आठवड्यांच्या आत तोच जंतू परत आला. बुरशीत तर नळी तातडीनेच काढायची असते. असं झालं तर नळी वाचवायचा हट्ट धरू नका. नळी पुन्हा टाकता येते. पोटाचं अस्तर एकदा खराब झालं की ते परत मिळत नाही, आणि उशिराने माणूसही हाताशी राहत नाही. नळी काढल्यावर काही काळ रक्ताचं डायलिसिस करून पुन्हा पोटाच्या डायलिसिसवर आलेले रुग्ण आहेत.

तुमचं औषध संपून अजून चार आठवडे झालेले नाहीत, त्यामुळे या दिवसांत प्रत्येक बॅग उजेडात धरून बघाच. केंद्रात जाताना बॅगांची नोंदवही, सध्याच्या सगळ्या गोळ्या, आणि मलमाची ट्यूब घेऊन जा. पोटॅशियम आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) तपासायला सांगा. ट्रान्सफर सेट शेवटचा कधी बदलला ते विचारा, साधारण सहा महिन्यांनी तो बदलायचा असतो आणि संसर्गानंतर तर बदललेलाच बरा. तिथल्या नर्ससमोर एक पूर्ण एक्सचेंज, म्हणजे बॅग बदलणं, करून दाखवा आणि तिला मध्ये न बोलता बघू द्या, मग चुका सांगायला सांगा.

आणि नणंदबाईंना सोबत न्या. वर म्हणाले तो दुसरा माणूस त्याच असू द्यात. तुमचं बोट पिकलं, तुम्हाला ताप आला, माहेरी जावं लागलं, तर दिवसाच्या चार बॅगा थांबत नाहीत. केंद्रात त्यांना रीतसर शिकवतील. छाटणीच्या दिवसांत संध्याकाळची बॅग त्यांच्याकडे द्या.